सोबतीची विमाने

नवा जिल्हा झाला की त्याला कचेरी लागते, फलक लागतात आणि लवकरच एक वीरही लागतो. भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा उभा राहिला तो १९९९ च्या मे महिन्यात. त्याच महिन्यात कारगिलच्या डोंगरांवर लढाई पेटली. दिवाळी उलटल्यावर पुढाऱ्यांनी सत्काराला योग्य असा माणूस शोधायला सुरुवात केली. तो शोध कामठ्यापलीकडच्या खैरबोडी या गावी येऊन थांबला, कारण तिथला प्रफुल्ल शहारे हवाई दलात होता. तो तिथे नेमके काय करतो, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

प्रफुल्ल वैमानिक नव्हता. बारावीनंतर भरती झालेला तो एक कॉर्पोरल. लढाऊ विमानांच्या पंखांखाली क्षेपणास्त्रे चढवणे हे त्याचे काम. ती जमिनीवर अपघाताने सुटू नयेत म्हणून त्यांना लाल फितीची पिन लावलेली असते. उड्डाणाच्या अगदी आधी ती काढायची, बाजूला उभे राहून हात उंच करून वैमानिकाला दाखवायची, आणि त्याने मान हलवली की मगच विमान सोडायचे.

त्या उन्हाळ्यात पंजाबातल्या एका तळावर प्रफुल्ल हेच करत होता. डोंगरमाथ्यावरच्या शत्रूच्या ठाण्यांवर बॉम्ब टाकायला दुसरी विमाने जात. ओझ्याने ती मंदावलेली असत आणि बॉम्ब टाकण्याच्या क्षणी वैमानिकाची नजर खाली खिळलेली असे. अशा वेळी शत्रूच्या विमानाला ती सहज सापडली असती. म्हणून प्रफुल्लच्या तुकडीची विमाने त्यांच्या सोबतीला, त्यांच्याहून उंचावरून जात. त्यांनी बॉम्ब टाकायचे नव्हते. शत्रू पुढे सरकला तर मध्ये पडायचे, आणि ज्यांच्या सोबतीला गेली त्यांना परत आणायचे, एवढीच त्यांना आज्ञा होती. ही विमाने पाहूनच शत्रूने अंतर राखले, तर सोबत पूर्ण यशस्वी. पण अशा यशाला आवाज नसतो. क्षेपणास्त्रे जशी गेली तशी परत येतात, आणि ज्याने ती चढवली तोच त्यांना पुन्हा पिना लावतो.

दक्षिणेकडचा एक तरुण फ्लाइट लेफ्टनंट शिडीवरून उतरताना दर वेळी म्हणे, “सब वापस. तेरा सामान भी वापस, शहारे. सँभाल.” एके दिवशी मात्र त्याची पाठ घामाने निथळत होती आणि हातमोज्यातून बोटे निघत नव्हती. प्रफुल्लने मोजा ओढून काढला, तेव्हा तो हळूच म्हणाला, “दो बार लॉक किया उन्होंने हम पर. हमने भी किया. फिर वो मुड़ गए.” लॉक म्हणजे क्षेपणास्त्र सोडण्याआधी रडारने धरलेला पक्का नेम. मरणाच्या इतक्या जवळ जाऊन आलेल्या त्या प्रसंगाबद्दल यापेक्षा जास्त शब्द कोणी खर्च केले नाहीत.

डिसेंबरात प्रफुल्ल रजेवर आला. घरी आई लीलाबाई आणि थोरल्या भावाची मुलगी खुशबू. भाऊ-भावजय नागपूरकडे बांधकामावर, म्हणून नात आजीपाशी. बौद्ध टोलीतली, म्हणजे गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतली, शाळा चौथीपर्यंत. खुशबू त्या वर्षी चौथीत होती. पाचवीसाठी मुख्य गावात जावे लागणार होते, आणि टोलीतून गावात जायला रस्ता नव्हता. होता तो सरपंच जीवनलाल कटरे यांच्या धानाच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, धुरा: मातीचा अरुंद बांध. भाताच्या रोवणीपासून कापणीपर्यंत तो कुठे पाण्याखाली, कुठे घसरणीचा, आणि सापांचा. टोलीतल्या मुली आषाढात शाळेतून गळत त्या बहुधा कायमच्याच. १९५६ पासून ही टोली माणसांना समान मानणाऱ्या धम्माची आहे. धुरा मात्र कोणी बदलला नव्हता. सरपंचांच्या ट्रॅक्टरला वळायला बांधीत जागा निघत असे, मुलींना चालायला निघत नसे. ही काही निसर्गाची अडचण नव्हे. तो रोज नव्याने घेतलेला निर्णय होता, आणि घेणाऱ्याला त्याची लाज वाटत नव्हती.

सत्काराच्या आदल्या दिवशी जीवनलाल स्वतः शहाऱ्यांच्या अंगणात आले आणि खाटेवर बसले.

“प्रफुल्लबाबू, मोठे साहेब येऊन राहिले नागपूरहून. बॅनरवर पायलट छापलं आहे.”

“मी पायलट नाही जी. मी फिटर.”

“अरे बावा, विमानापाशी होतास ना? झालं मग. माहा साळा बँकेत चपराशी आहे. सारं गाव त्याले मॅनेजर म्हनते. तो कधी नाही म्हनला का?”

“तो मॅनेजर समजून कोनी त्याच्यापाशी पैसे ठेवते का?”

जीवनलाल मोकळेपणाने हसले आणि मग मुद्द्यावर आले. “हे पाय, साहेबासमोर मी तुमच्या रस्त्याची गोष्ट काढतो. माह्या बांधीतली पट्टी देतो, लिहून देतो. पायलटच्या टोलीले रस्ता कोन नाही म्हनन? पन फिटरच्या टोलीले कोन देते, तूच सांग.”

या वाक्यातली नीचता नीट पाहिली पाहिजे. मुलीला शाळेत जाण्यासाठी वाट हवी, हे कारण त्यात पुरेसे ठरत नाही. वाट हा तिचा हक्क नाही. तिच्या जातीतल्या कोणी आकाशातून बॉम्ब टाकले असतील तर मिळणारे ते बक्षीस आहे. आणि बॉम्ब टाकले नसतील, तर टाकले असे म्हणायचे.

पाहुणे गेल्यावर लीलाबाई चुलीपुढून उठली. “तू काही बोलू नको. ते बोलतीन, तू आयकून घे.”

“खोटं आहे, माय.”

“खोटं त्याइचं. रस्ता आपला.”

आईचा हिशेब त्याला चुकीचा म्हणता येईना. धुऱ्यावरून नातीला नेणारी आणि आणणारी तीच असणार होती. तो गप्प राहायला तयार झाला.

शाळेच्या पटांगणात मंडप उभा राहिला. व्यासपीठावर मधल्या खुर्च्यांत नागपूरचे पुढारी, सरपंच आणि प्रफुल्ल. मागच्या रांगेत, खांबाच्या आड, जिल्ह्याच्या टोकाच्या दरेकशाहून आणलेला उदाराम पंधरे. त्याचा एकुलता मुलगा पायदळात होता. तो कारगिलच्या डोंगरांवर जूनमध्ये मारला गेला. उदारामला बोलावले होते ते दोन मिनिटांच्या शांततेपुरते. मेलेल्याच्या बापाकडे पाहून गर्दीचा उत्साह वाढत नाही. त्यासाठी जिवंत आणि उडणारा वीर लागतो. शांतता आटोपली, उदारामच्या खांद्यावर शाल पडली आणि त्याला पुन्हा खांबाआड बसवले गेले.

मग निवेदकाने प्रफुल्लचे पराक्रम सांगायला घेतले. शत्रूच्या डोक्यावर विमान कसे नेले, बंकर कसे उडवले, शत्रू कसा पळाला. टाळ्या पडत होत्या. प्रफुल्लने मान खाली घातली, आणि त्यालाही लोकांनी विनय मानून टाळ्या दिल्या. समोर बायकांत बसलेली लीलाबाई त्याच्याकडे एकटक पाहत होती. जीवनलाल माईककडे निघाले होते. आता रस्त्याचे बोलणे होणार होते.

तेवढ्यात उदाराम उठला. शाल सावरत तो पुढे आला आणि प्रफुल्लच्या खुर्चीपाशी वाकला. त्याला भाषण करायचे नव्हते, पण माईक जवळ होता आणि शब्द मंडपभर ऐकू आले.

“बाबू, तू वरून गेलास म्हनते. माहा पोरगा खाली होता. तुले दिसला का गा?”

जीवनलाल हसून म्हणाले, “उदारामजी, बसा. मंग बोलू.”

“मंग गाडी आहे मले. येवढंच सांग, बाबू. एकटा होता का, का संग कोनी होतं?”

हो म्हणणे सोपे होते. म्हाताऱ्याला बरे वाटले असते, मंडप गहिवरला असता, रस्त्याचे पक्के झाले असते. खोटे किती सोयीचे असू शकते याचा यापेक्षा नेमका प्रसंग शोधून सापडणार नाही. पण प्रफुल्ल उभा राहिला आणि त्याने उदारामचे दोन्ही हात धरले.

“नाही दिसला, काका. मी वर गेलोच नाही. मी खाली, जमिनीवर होतो, लय दूर. बाम टाकनाऱ्या विमानाइच्या सोबतीले जे विमानं जायचे, त्याइले मी हत्यारं लावून देत होतो. ते हत्यारंही चालले नाहीत. जसे नेले तसे आनले.”

मंडपाच्या मागून कोणीतरी ओरडले, “म्हंजे हेल्पर होता!” हशा उसळला. “पंक्चर काढत होता का बे?” दुसऱ्याने भर घातली.

उदाराम हसला नाही. त्याने विचारले, “ज्याइच्या सोबतीले गेले, ते परत आले का?”

“आले. सारे.”

“बरं झालं,” उदाराम म्हणाला. “त्याइच्या मायबापाले बरं झालं.” आणि शाल तशीच खांद्यावर ठेवून, गाडी गाठायला तो मंडपातून निघून गेला.

पुढाऱ्यांनी भाषण आवरते घेतले. त्यात देश होता, जिल्हा होता, रस्ता नव्हता. जीवनलालनी तो विषय काढलाच नाही. खाली उतरताना ते प्रफुल्लच्या कानाशी म्हणाले, “तोंड उघडलंस अन् टोली बुडवलीस.” म्हणजे टोली बुडण्याचा दोष पाण्याचा नाही, बांधीच्या मालकाचा नाही, पट्टी अडवून धरणाऱ्या सरपंचाचा नाही, खरे बोलणाऱ्याचा! आपल्या सार्वजनिक जीवनात ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती ऐकून त्या दिवशी कोणी चमकलेही नाही. उलट पुढे कित्येक दिवस चौकातली पोरे प्रफुल्लला ‘पायलट’ म्हणून हाका मारून खिदळत राहिली. ज्यांनी त्याच्यावर खोटे लादले ते त्यात नामानिराळे होते.

घरी लीलाबाईने भाकर वाढली, ताट पुढे सरकवले.

“उदारामले तू खरं सांगतलंस, ते बरं केलंस,” ती म्हणाली.

“रस्ता गेला, माय.”

“हो, गेला. खरं बोललास म्हनून आता तेही बरं झालं, असं माह्यासमोर म्हनू नको.”

त्याने तसे म्हटले नाही. खरेपणाची किंमत बोलणाराच मोजतो, हा एक सुखावणारा समज आहे. इथे ती नऊ वर्षांच्या मुलीने मोजायची होती, आणि प्रफुल्लला ते ठाऊक होते. रजा संपण्याआधी तो दोनदा ग्रामपंचायतीत गेला. पट्टीचा विषय ‘पुढच्या सभेत’ ढकलला गेला. तो तळावर परतला. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत लीलाबाई स्वतः उभी राहिली आणि रस्ता पायलटसाठी पाहिजे होता की पोरींसाठी, असे तिने विचारले. सभेने तिला बसायला सांगितले.

जुलैत रोवणी सुरू झाली. धुरा पाण्याखाली गेला. पाचवीचे दोन आठवडे लीलाबाईने काठीने पुढची जमीन चाचपत खुशबूला नेले आणि आणले. तिसऱ्या आठवड्यात तीच घसरली आणि तिचा गुडघा सुजला. तेव्हा गोंदियात राहणाऱ्या प्रफुल्लच्या बहिणीकडे, अल्काकडे, मुलीला ठेवायचे ठरले. ज्या घरात एकच लेकरू होते ते घर, त्या वाटेवर मुरमाच्या काही ट्रॉल्या कोणी टाकल्या नाहीत म्हणून, रिकामे झाले.

लंगडत लीलाबाई नातीला घेऊन टेम्पोच्या थांब्यावर आली. जीवनलाल तिथे खतासाठी उभे होते.

“कुठं चालल्या, लीलाबाई?”

“नातीले सोडून राहिली गोंदियाले. शिकाले.”

“काऊन जी? आपल्या गावात शाळा नाही का?”

“शाळा आहे जी,” लीलाबाई म्हणाली. “तुमची बांधीही आहे.”

जीवनलालनी ऐकले आणि खताच्या गाडीची चौकशी करायला ते पलीकडे वळले. टेम्पो आला. लीलाबाईने खुशबूला आधी वर चढवले, पेटी दिली, आणि दुखरा पाय उचलून स्वतः तिच्या शेजारी बसली.