डाव्या पुडीची कणीक

पखवाज अण्णाचा. वाजवण्याआधी त्याच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापायचं काम मात्र माझं. कणकेने चामडं जड होतं आणि आवाज खाली उतरतो. किती थापायची ते बोटांना कळावं लागतं. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, ते कधी जमलं नाही. कणीक लावता लावता मी वाजवायलाही शिकले आणि पुढे त्याच्याहून बरं वाजवू लागले. हे तोच म्हणायचा.

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी मला सून म्हणून बघायला येणार होते. स्वतः भजनी माणूस. अण्णा म्हणाला, "त्यास्नी सांगतो, आमची पोरगी वाजवती म्हणून. सासरी तुझा हात बंद पडायचा न्हाय." मी त्याच्या शब्दावर विसंबले.

पाहुण्यांची गाडी वेळेआधीच आली. मी माजघरात वाजवत होते. सोप्यातून आवाज आला, "कोण वाजवतंय? हात लई गोड हाय!"

अण्णा आत आला. हळूच म्हणाला, "हात धू, लुगडं बदल." आणि पखवाज उचलून बाहेर गेला. "मीच की," त्याने सांगितलं.

लग्न ठरलं. मी जाब विचारला तर म्हणे, "सोयरीक मोडली असती गं. तुझ्यासाठीच केलं." असेल. पण मग दरवर्षी रामनवमीला सासऱ्यांचं बोलावणं यायचं ते त्याला, आणि तो फेटा बांधून हजर. तेही माझ्यासाठीच? सासऱ्यांना एकदा खरं सांगून पाहिलं. ते हसले. "भावाचं कौतुक सोसंना व्हय गं?"

एका रामनवमीला अण्णाने भर बैठकीतून हाक मारली, "कणीक आण गं!" मी परात नेऊन त्याच्यापुढे ठेवली.

"लाव की."

"तुझा पखवाज. तूच लाव."

सगळे बघत होते. त्याने भाकरीएवढी थापली. थाप मारली, तर ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज. पुन्हा मारली, तरी तसाच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता तरी विचारतील.

सासऱ्यांनी मान हलवली. "चालायचंच, पाव्हणं. हवा दमट हाय आज."

चैत्राचं ऊन होतं. अंगणात सकाळी घातलेले पापड एव्हाना कडकडीत वाळले होते. मी ते गोळा करायला गेले.