कमानीवरचं भुसकट

तर आरसा शिडीवर चढलाय आणि खाली त्याची बायको चादरीची टोकं धरून उभी आहे, इथवर काल आलो होतो. काल जे पेंगत होते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो.

आरसा म्हणजे गावातला पाट्या रंगवणारा पेंटर. घरच्यांनी नाव वेगळं ठेवलं होतं, पण त्याची पाटी इतकी चकाकायची की न्हाव्याच्या पाटीत बघून लोक बाहेरच भांग पाडायचे आणि न्हावी आतून शिव्या घालायचा. गडी स्वतःवर भारी खूश. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकायचा, तेही दुकानदाराच्या नावापेक्षा जरा ठसठशीतच.

त्यात गावाला बक्षीस लागलं. कशाचं, तर शुद्ध हवेचं! हवा मोजणारं पथक आलं होतं ऐन पावसाळ्यात, गावची सगळी धूळ चिखल होऊन पडली होती तेव्हा. त्यांनी छाती भरून श्वास घेतले, वाहवा म्हणाले आणि गेले. सर्टिफिकेट येईपर्यंत उन्हाळा लागला. उन्हाळ्यात इथे सकाळी धसकटं जाळल्याचा धूर, दुपारी वावटळ आणि उरलेला वेळ मळणीचं भुसकट. समोरून येणारा माणूस दिसायच्या आधी त्याच्या खोकल्यावरून ओळखायचा. पोस्टमनने सर्टिफिकेट दिलं तेच खोकत, आणि नगराध्यक्षांनी ते घेतलं तोंडावरचा रुमाल न काढता.

अध्यक्षांनी लगेच गावाबाहेर कमान उभी केली. तिच्यावर लिहायचं, ‘शुद्ध हवेच्या नगरीत स्वागत’. फीत कापायला मंत्री येणार.

आरशाला बोलावून म्हणाले, “चमकली पाहिजे. नाही चमकली तर नगरपालिकेच्या सगळ्या पाट्या उद्यापासून तुझ्या मेहुण्याकडे. तो फ्लेक्स छापतो, चहा पिऊन होईस्तोवर.”

हा मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. त्याने फ्लेक्सचं दुकान टाकल्यापासून बाजारातल्या पाट्या आरशाच्या हातून गेल्याच होत्या. नगरपालिकेच्याही गेल्या असत्या तर ब्रश फक्त दाढीच्या कामाचा उरला असता.

“अहो, भिंतीचा साधा रंग मारा,” बायको म्हणाली. “लगेच वाळतो. तुमचा ऑइलपेंट दिवसभर ओला राहणार, आणि वर सगळं येऊन चिकटणार.”

“साधा? अगं, मंत्र्यांना माझ्या अक्षरात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे!”

“ते बघायला एवढ्या लांबून येतायत होय?”

ऐकेल तर तो आरसा कसला. उलट चकाकी वाढावी म्हणून पठ्ठ्याने डब्यात आणखी व्हार्निश ओतलं, म्हणजे दिवसभर ओला राहणारा रंग आता उद्यापर्यंत ओला. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी कमानीभोवती बांधल्या, खाली बायकोला टोकं धरायला लावली आणि शिडीवर चढला. पहिला शब्द ‘शुद्ध’. उतरला असा की दुधाने लिहिलाय वाटावं. बाकीचे शब्दही काढले, पण नजर सारखी त्या पहिल्याकडेच.

तेवढ्यात कमानीलगतच्या शेतात मळणीचं मशीन सुरू झालं. शेत कुणाचं? अध्यक्षांचं. भुसकटाचा लोट थेट कमानीवर आला. दोन चादरी वायरींवर जाऊन बसल्या, एक रस्त्याने चाललेल्या म्हशीवर पडली आणि म्हैस ती तशीच पांघरून बाजारात गेली. एकच बायकोच्या हातात राहिली.

आरसा ब्रश हातात घेऊनच अध्यक्षांच्या घरी धावला. “साहेब, मशीन उद्यापर्यंत थांबवा. रंग ओला आहे.”

“आणि पाऊस आला तर गहू तू झाकणार?”

“भुसकट उडतंय हो!”

“कुठे उडतंय?” अध्यक्षांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “आपल्या हवेत काहीही नाही. ते बघ भिंतीवर सर्टिफिकेट. वाच.”

सर्टिफिकेटच्या काचेवर इतकी धूळ होती की आरशाला ती बोटाने पुसून वाचावं लागलं.

परत येतो तर ‘शुद्ध’ला दाढी फुटलेली. फडक्याने पुसायला गेला तर सारवल्यासारखं झालं. फुंकर मारली, तर गेलं त्याच्या दुप्पट आलं.

“आता निदान कंगवा तरी फिरवा,” बायको म्हणाली आणि पदराने त्याच्या भुवयांवरचं भुसकट पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. फीत कापली, मान वर केली आणि असे शिंकले की बँडवाल्यांना ती खूण वाटली. त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली. मंत्री रुमालात तोंड घालून गाडीत बसले आणि काचा वर करून गेले.

मेहुणा हळूच कानाशी आला. “दाजी, टेन्शन घेऊ नका. मी कालच छापून ठेवलंय.”

अध्यक्ष मात्र साऱ्या गावादेखत कडाडले. “नाक कापलंस माझं! आजपासून पाट्या तुझ्या मेहुण्याकडे. ‘शुद्ध’वर ही घाण? आणि आज कोपरा कोरा का रे? एरवी हौस असते ना! टाक नाव. हे कुणाचं काम ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे!”

खरंच, आरशाने आयुष्यात पहिल्यांदा कोपरा कोरा सोडला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती उरलेली चादर काखेत धरून उभी होती. तिने मान डोलावली. काम तर गेलंच होतं. मग त्याने ब्रश पँटला पुसला, डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला,

“टाकतो की, साहेब. पांढऱ्याखाली माझं टाकतो, आणि पांढऱ्यावर जे येऊन बसलंय त्याच्याखाली तुमचं. दोन नावांपुरता रंग उरलाय.”