वॉटफर्डचा वर्ग आणि उझबेक मास्तर

चांगल्या कामाभोवती किस्से आपोआप साठतात; त्यांत खोटे मिसळू नये, एवढेच पथ्य. मालतीबाई आता पुण्याला परतल्या आहेत. रविवारी वर्गात गणेशवंदना सुरू झाली की मला त्यांचा आवाज आठवतो, आणि मागोमाग हे किस्से.

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या भाड्याच्या हॉलमधला बाईंचा मराठी वर्ग रोडावला होता. तो बंद करावा का, यावर पालकांचे मतदान ठरले. बहुतेक पालक बाईंचेच जुने विद्यार्थी. मतदानाआधी बाईंना एक सिनेमा दाखवायचा होता : जुन्या काळच्या मध्य आशियात नव्या पद्धतीची शाळा काढणाऱ्या एका उझबेक मास्तरांचा.

कमिटीचा सेक्रेटरी निखिल याच वर्गात शिकलेला. तो म्हणाला, "बाई, वेम्बलीला नाटक ठेवलं तर हॉल फुल होईल. उझबेक मास्तर कोण बघणार?"

"ज्यांना शाळा बंद करायची आहे, ते."

* * *

पूर्वी बाईंनी वर्गातली सतरंजी काढून खुर्च्या आणल्या, तेव्हा नातीला वर्गाला घेऊन येणाऱ्या फाटककाकांनी कडाडून विरोध केला होता. विद्या जमिनीवर बसूनच येते, हे त्यांचे मत. आता बाईंनी लावलेल्या सिनेमात मास्तरांनी बाके आणली आणि गावचे वडीलधारे नेमके तेच बोलले. हॉलमध्ये हशा पिकला.

काका शांतपणे म्हणाले, "माणसं चुकीची असतील, मुद्दा बरोबर आहे."

हे ते खुर्चीत बसून म्हणाले. गुडघे!

* * *

सबटायटल्स इंग्रजी होती. काकांची नात इरा घरी मराठीचा एक शब्द उच्चारत नसे. त्या दिवशी मात्र ती आजोबांच्या कानाशी लागून, अडखळत, चुकत, प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होती.

मध्यंतरात मी काकांना विचारले, "अहो, तुम्ही तर जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंत. तिला सांगितलं नाहीत?"

"ती बोलत होती," काका म्हणाले.

* * *

सिनेमात पुढे मास्तरांच्या शाळेला कुलूप लागते. गाव गप्प बसते. अखेर ते कुलूप निघते, आणि थकलेले मास्तर वर्गाच्या दारात येतात. पडद्यावरची मुले उठून उभी राहिली.

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिले. निखिल उभा होता. त्याच्यामागे एकेक करत सगळे पालक.

पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "मतदान झालं."