सहा रंगांची पांढरी शेवंती

पुण्याच्या डेकोरेटर मॅडम वडगाव रासाईच्या शेतात शेवंतीच्या दोन सऱ्यांमध्ये उभ्या होत्या. डाव्या हातात मोबाईल, उजव्या हातात नुकतंच तोडलेलं फूल. मोबाईलमधलं फूल निळं होतं. हातातलं पांढरंशुभ्र.

"निळा प्लॉट कुठे आहे?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

आप्पा स्वतःच्या पायांकडे बघत होते. त्यांची सून शीतल माझ्याकडे बघत होती. आणि ते फूल निळं करणारी मी, नदीकडे.

माझा दौंडला स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं मी लोकांना गोरं करते आहे. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची आई खुर्चीत बसायच्या आधीच सांगते, "जरा उजळ करा." मीही करते. मुलाकडचे लोक घरी येऊन बघतातच, त्यामुळे माझ्या अंगावर काही येत नाही. फुलांचंही तसंच असेल, असं मी धरून चालले. तिथेच चुकले.

शीतल रेल्वे कॉलनीत माझ्या शेजारी वाढली. लग्न होऊन वडगावला गेली आणि सासऱ्यांच्या मागे लागून उसाच्या रानात एक एकर पांढरी शेवंती लावली. आप्पांनी अट घातली होती, "एक हंगाम. फुलं इकली तर इकली. न्हाई तर रोटर मारून समदं मातीत, आन् परत ऊस. पाटसचा साखर कारखाना काय फोटो मागत न्हाई." हंगाम संपत आला होता आणि फुलं जेमतेम जात होती. शीतलने मला प्लॉटचे फोटो पाठवले. "मावशी, जरा बघण्यासारखे करा. स्टेटसला टाकते."

आता टिंट म्हणजे काय ते सांगते. रंगीत काचेचा चष्मा घातला की सगळं जग त्या रंगाचं दिसतं ना, तसा फोटोवर पातळ रंग चढवायचा. पानं हिरवीच राहावीत म्हणून तेवढा भाग झाकायचा, त्याला मास्क म्हणतात. त्या दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. बाईमाणसाला रिकामा वेळ आणि पांढरं फूल मिळालं की काय होतं, ते माझ्या कॉम्प्युटरला विचारा. एका शेवंतीचे मी सहा रंग केले. इतकी खूश झाले की प्रत्येकाला साडीसारखं नाव दिलं. नीलांबरी, मोरपिशी, बदामी, केशरी, अंजिरी, आणि मूळची चांदणी. वर ठळक लिहिलं, 'आमची शेवंती'.

शीतलला वाटलं, लोकांना गंमत कळेल. स्टेटस फिरत फिरत पुण्याला पोचलं. मॅडमचा फोन आला तेव्हा शीतल रानात होती आणि फोन घरात चार्जिंगला. तो आप्पांनी उचलला.

"नीलांबरी आहे का? पूर्ण लग्नाला लागेल."

"व्हय, हाय की!"

यात आप्पांना खोटं बोलल्यासारखं अजिबात वाटलं नाही. आमच्याकडे व्यापाऱ्याला 'न्हाई' म्हणत नाहीत. आधी 'हाय' म्हणायचं, मग शेजारच्या रानातून माल उचलून द्यायचा. वांगी, मेथी, कोथिंबीर, सगळं असंच चालतं. नंतर दोन दिवस आप्पा मोटरसायकलवर नदीच्या अलीकडची-पलीकडची गावं निळी शेवंती शोधत हिंडले. तिसऱ्या दिवशी मॅडम माल बघायला निघाल्या, तेव्हा शीतलने रडत मला फोन केला. मी लाईटची बॅग खांद्याला अडकवली आणि स्कूटी काढली. ती बॅग कशाला घेतली, ते मला अजून माहीत नाही. सवय.

"मॅडम," मी शेवटी तोंड उघडलं, "निळा प्लॉट नाही. रंग माझा आहे."

"म्हणजे फसवणूक?"

"आमी कुटं फसवलं?" आप्पा म्हणाले. "तुमी इचारलं हाय का, मी म्हनलं हाय. घावलं न्हाई, त्याला काय करनार?"

मॅडमनी फूल सरीत टाकलं आणि गाडीकडे वळल्या. शीतलने ते उचललं, माती झटकली आणि नुसतीच हातात धरून उभी राहिली. दुपारभराच्या माझ्या हौसेपायी पोरीच्या रानात रोटर फिरणार होता.

"मॅडम, दोन मिनिटं. मी तुम्हाला नीलांबरी दाखवते."

"परत मोबाईलमध्ये?"

"नाही, मोटारीच्या खोलीत."

विहिरीच्या मोटारीची ती खोली कशीबशी चार माणसं उभी राहतील एवढी. शीतलने फुलांची पाटी आत आणली. मी दार लावलं. अंधारात आप्पा कुणाच्या तरी पायावर उभे राहिले, बहुतेक मॅडमच्याच. मी बॅगेतून निळा जिलेटिन कागद काढला, लाईटसमोर लावतात तो, आणि मोबाईलच्या टॉर्चवर धरला.

पाटी निळी झाली. फोटोतल्यापेक्षा छान.

"आयला!" आप्पा म्हणाले.

मी कागद बदलला. केशरी. मग अंजिरी. "पांढऱ्यावर कुठलाही रंग बसतो," मी सांगितलं. "फोटोत मला ते म्हणूनच जमलं. हेच पिवळ्या झेंडूवर करा, शेपूची शिळी जुडी दिसेल. तुम्ही हॉलमध्ये लाईट लावताच ना?"

मॅडमनी माझ्या हातातून टॉर्च घेतली आणि कागद स्वतः बदलून बघितले. निळा, केशरी, पुन्हा निळा.

"हळदीला केशरी, रात्री रिसेप्शनला निळा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "फुलं तीच. बदलायला नकोत." मग शीतलकडे वळल्या. "सगळा प्लॉट ठेवा माझ्यासाठी. पांढराच. आणि यापुढे फोन तुम्ही उचलायचा."

शीतल तिथेच मोटारीवर बसली आणि एकदमच हसायला लागली. मला रडू आलं, पण अंधार होता.

रोटर आला नाही. पुढच्या हंगामात आप्पांनी स्वतःहून अर्धा एकर वाढवला. विचारणाऱ्याला ते सांगतात, "पांढरीच लावा. बाकीचे रंग टार्चमदी असत्यात."

मी यातून एवढंच शिकले, की फोटो सुंदर करण्याआधी त्या घरात फोन कोण उचलतं ते विचारावं. कारण परवाच आप्पांचा फोन आला.

"ताई, एका पार्टीला लग्नात काळी शेवंती पायजे."

"आप्पा, तुम्ही काय सांगितलंत?"

"हाय म्हनलं."

"मग लग्नात सगळ्या लायटी बंद करायला सांगा."

"हां, सांगतो की," म्हणत आप्पांनी फोन ठेवला.