अभिमन्यूच्या गाण्याचं शेवटचं कडवं

अभिमन्यूला नजर होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकताना ते विसरलं जाऊ नये. वडवणीच्या आठवडी बाजारात त्याने करिष्माला मिरच्यांच्या ढिगामागे उभं केलं आणि कॅमेरा लावला, तेव्हा त्या धुळीत मला आमच्या तमाशाचा बोर्ड, म्हणजे रंगमंच, दिसला. गॅसबत्त्या पेटलेल्या, ढोलकीवर पहिली थाप पडायची बाकी. उभी हयात मी वगात कधी राजा झालो, कधी प्रधान. फड मोडल्यावर मला कुणी विचारत नव्हतं. या पोराने घरी येऊन पाया पडून सांगितलं, "मास्तर, माझ्या पहिल्या गाण्यात पोरीचा बाप तुमीच."

अभिमन्यू ऊसतोड्यांच्या घरातला. लहानपण कारखान्यांच्या आवारातल्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत गेलेलं. लग्नांचे व्हिडिओ काढत कॅमेरा शिकला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची गाणी करून कंटाळला. त्याला स्वतःचं एक गाणं हवं होतं, जे बघून पुण्याचा कुणी फोन करील आणि विचारील, दिग्दर्शक कोण? गोष्ट साधी होती. बाजारात दोघांची नजरानजर होते, मग प्रेम, आणि शेवटच्या कडव्यात पोरीचं लग्न दुसऱ्याशीच लागतं.

करिष्मा शेजारच्या वस्तीवरच्या शहादेवची लेक, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सुरुवातीला ती सारखी कॅमेऱ्याकडे बघायची. अभिमन्यू समजावायचा, "तिकडं बघितलंस की खोटं वाटतंय. कापावंच लागतंय." मला हसू यायचं. आमच्यात नटीने लोकांच्या डोळ्यांत डोळे घातले नाहीत, तर लोक उठून घरी जायचे. पण पोरगी शिकली. अशी शिकली, की पुढच्या दोन गाण्यांतही तूच, असा शब्द अभिमन्यूने तिला देऊन टाकला.

दोन कडवी झाली, लग्नाचं राहिलं. मांडव, वाजंत्री, वऱ्हाड, एवढा पसारा उभा कसा करायचा? दसरा तोंडावर आला होता. एकदा टोळ्या ऊसतोडीला निघाल्या, की गावात वऱ्हाड म्हणून उभं करायला म्हाताऱ्यांशिवाय कुणी उरत नाही.

त्यातच बातमी आली, की करिष्माचंच लग्न ठरलं. ऊसतोडीचा मुकादम कामाला नवरा-बायकोची जोडी घेतो. जोडीला एक कोयता म्हणतात. दिंद्रुडच्या एका पोराला जोडी हवी होती. इकडे शहादेव आणि त्याच्या बायकोला, कौशल्याबाईला, लेक मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर. मुहूर्त कुणी बघितला नाही.

करिष्माने अभिमन्यूला फोन केला. माझ्या बापाला भेटा, मला तुमच्याकडं काम हाय म्हणून सांगा, यंदा मला राहू द्या म्हणावं. तिचं बरोबर होतं. शहादेवने दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं, अभिमन्यूचं ऐकलं असतं. आपल्यातला पोरगा कोयत्याशिवाय पोट भरतो, याचं त्याला मोठं अप्रूप होतं.

अभिमन्यू मला सोबत घेऊन निघाला. काय बोलायचं ते गाडीवर मला वाटभर म्हणून दाखवत होता. मनापासून बोलत होता, याला मी साक्षी आहे.

शहादेव अंगणात भांडी पोत्यात भरत होता. कौशल्याबाईने चहा टाकला. दाराआड बांगड्या वाजल्या, त्यावरून करिष्मा तिथे उभी असल्याचं कळलं. अभिमन्यूने घसा खाकरला, तेवढ्यात शहादेवच बोलला.

"बरं झालं आलास. सांगावाच धाडणार होतो. लग्नाची शूटिंग तूच कर बाबा. पोरीला हौस हाय."

अभिमन्यू थांबला. त्याने अंगणावरून नजर फिरवली. जात्याभोवती जमलेल्या बायका, भिंतीला टेकवलेले मांडवाचे बांबू, दाराची चौकट. ती नजर मी ओळखली. बाजारात मिरच्यांचा ढीग बघताना हीच होती.

"हळद कवा हाय?" त्याने विचारलं.

दाराआडच्या बांगड्या पुन्हा वाजल्या नाहीत. मीच म्हणालो, की शहादेव, पोरीला यंदा शिकू द्या. तो हसला. "मास्तर, तुमचा वग न्हाई ह्यो."

परतताना मी अभिमन्यूला बोललो. तो म्हणाला, त्यांनी ऐकलं नसतंच. मग पुढच्याच वळणावर म्हणाला, की गाण्यातला बापाचा फेटा बांधून लग्नाला या आणि नवरीच्या मागे उभे राहा. मी गेलो, पण साधी टोपी घालून.

मारुतीच्या पारापुढे लग्न लागलं. टोळीचा ट्रॅक्टर पलीकडेच भरून उभा होता. अभिमन्यू हळदीत होता, अक्षतांत होता. पाठवणीला बायका रडायला लागल्या, तसा तो वाकून करिष्माच्या अगदी समोर गेला. तिने मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. ती रडत नव्हती. नुसती बघत राहिली. बोर्डावर मी मोठमोठ्या नट्या बघितल्या. तशी नजर एकीचीही नव्हती.

दिवाळीत गाणं आलं आणि लाखोंनी बघितलं. शेवटच्या त्या नजरेखाली लोकांनी लिहिलं, काय काम केलंय पोरीनं. अभिमन्यूला शाल-नारळ मिळाला. पुण्याचा फोनही आला. तेव्हा पोरगी कुठल्या तरी कारखान्याच्या उसात मोळ्या बांधत होती.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. अभिमन्यूच्या नव्या ऑफिसात मी बसलो असताना कौशल्याबाई आली. त्याने "मावशी, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. ती उभीच राहिली. लेकीचा निरोप तिने पाठ केल्यासारखा सांगितला.

"करिष्मानं इचारलंय. सर म्हणायचे, कॅमेऱ्याकडं बघितलं की कापावं लागतंय. म्हणून म्या मुद्दाम बघितलं. मंग कापलं कावून न्हाई?"

अभिमन्यूचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, खरंखुरं कौतुक होतं.

"मावशी, तेच्यावरच तर गाणं चाललं. सांगा तिला."

"सांगते," कौशल्याबाई म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला पायात घालून निघून गेली.