ओहोळातली टोपली

आमच्या पाड्याच्या खाली ओहोळावर सिमेंटचा बंधारा आहे. त्याचा अर्ज मी लिहिला होता. हे आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी माझं कौतुकच केलं, त्यामुळे पुढचं सांगायचं राहून गेलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुरगाणा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. घरी गेलो की लोक कागद घेऊन यायचे. रेशनकार्डावरचं नाव, जातीचा दाखला, कुणाची आलेली नोटीस. मला सगळं कळायचं असं नाही, पण नाही म्हणायला जीभ रेटत नसे.

त्या वर्षी कॉलेजच्या शिबिरात आम्ही एका गावात दगडांचे बांध घातले होते. तिथे आम्हाला सांगितलं की, वाहून जाणारं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी. मला ते फार पटलं. दिवाळीत घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. पाड्यातली माणसं जमवली आणि अर्ज लिहिला. 'आमच्या ओहोळाचे पाणी दरवर्षी वाया जाते, तरी बंधारा मंजूर व्हावा.' अक्षर शक्य तितकं चांगलं काढलं. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले.

आत्या सगळ्यांत मागे उभी होती. वडिलांची ही धाकटी बहीण नवरा गेल्यावर दोन लहान मुलींना घेऊन परत पाड्यावर आली होती. आमच्या घराला लागूनच तिची झोपडी आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेताचा एक तुकडा. अंगठ्याची शाई पदराला पुसत तिनं विचारलं, "पाणी उभं राहील, का वाहील?"

"आते, अडवायलाच तर बांधतात."

"तसं नाय. आमच्या खडकापाशी वाहील का?"

"अगं, आता पाणीच पाणी होईल," मी म्हणालो. लोक हसले. तीही हसली, "शिकलेल्याला काय विचारायचं!" आणि निघून गेली. तिचा प्रश्न मला कळला नव्हता. मी सातव्या वर्षी आश्रमशाळेत गेलो, तिथून वसतिगृहात. कडूकंद खाल्ले होते पुष्कळ, पण ते खाण्याजोगे होतात कसे हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

डोंगरात कडूकंदाचे वेल असतात. पाऊस संपून पानं पिवळी पडली की बायका कुदळ घेऊन जातात आणि कंद खणून आणतात. तो तसाच खाल्ला तर माणसाला गुंगी येते, उलट्या होतात, घसा सुजतो. म्हणून साल काढून पातळ चकत्या करायच्या, राख घालून शिजवायच्या, आणि मग बांबूच्या टोपलीत भरून ती टोपली रात्रभर ओहोळातल्या बायकांच्या खडकापाशी, वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. धार चकत्यांमधून जाते आणि कडूपणा घेऊन जाते. सकाळी जिनं टोपली ठेवली तिनं पहिला तुकडा खायचा. सूर्य हातभर वर येईपर्यंत थांबायचं. तिला काही झालं नाही, तर मग पोरांना द्यायचं. हा नियम कुणी मोडत नसे.

आत्याचं सगळं वर्ष या कंदांवर तोललेलं होतं. नुसती नागली खाल्ली तर तिची कणगी संक्रांतीला रिकामी व्हायची. अर्धं पोट कंदांवर काढलं तर होळीपर्यंत पुरायची. होळीनंतर मोहाची फुलं, पुढे आंबे, तोवर पाऊस. बाकीची घरं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे निघून जायची, जीपच्या टपावर बोचकी बांधून. आत्या जात नसे. मुलींची शाळा पाड्यातच होती, आणि त्या शिकाव्यात असं तिला माझ्याकडे बघून वाटायचं, असं आई सांगते.

बंधारा एका उन्हाळ्यात झाला. ओहोळ जिथे अरुंद होतो आणि खडकावरून जोरात उतरतो, तीच जागा इंजिनिअरला पसंत पडली. बांधकामाला तीच चांगली होती, त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पाऊस संपल्यावर पाणी अडवायला बंधाऱ्याच्या मोऱ्यांत फळ्या टाकल्या. मागे पार कड्याच्या पायथ्यापर्यंत पाणी तुंबलं, वर वाहती धार कुठे उरली नाही. खाली ओहोळ कोरडा पडला. विहिरीचं पाणी वाढलं, खालच्या दोघांनी हरभरा केला, हेही खरं. दिवाळीत मी आलो तेव्हा लोकांनी मला बंधाऱ्यावर नेऊन उभं केलं. मी खूश होतो. बायकांचा खडक पाण्याखाली कुठेतरी होता, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या हिवाळ्यात आत्यानं आधी घरीच हंड्यांत पाणी बदलून पाहिलं. चढावरून किती हंडे आणणार? मग तिनं टोपली तुंबलेल्या पाण्यात ठेवली. एका रात्रीऐवजी दोन रात्री, आणि राख जास्त. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं नियमाप्रमाणे पहिला तुकडा खाल्ला. चव बरी होती म्हणे, म्हणून आणखी दोन खाल्ले. सूर्य हातभर वर यायच्या आत ती अंगणात आडवी पडली.

मला हे चार दिवसांनी कळलं. जीपवाल्यानं निरोप पोचवला. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो तेव्हा ती उठून बसली होती, पण आवाज नीट फुटत नव्हता. मला बघून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पोरींना दिलं नव्हतं रे अजून."

थोड्या वेळानं म्हणाली, "एक अर्ज लिहून दे. आठ दिवसांतून एक रात्र फळी काढा म्हणावं. एकच फळी. आमच्या टोपल्या होतील."

"लिहितो."

"कंदाचं लिही नीट. नायतर त्यांना कळायचं नाय."

मी दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आधी अडवा म्हणून अर्ज, आता सोडा म्हणून. तुमचं एकदा ठरवा की राव." त्यानं फाईल काढली आणि माझा पहिला अर्ज समोर ठेवला. "हे अक्षर तुमचंच ना? वाया जाते, असं तुम्हीच लिहिलंय. मग आता कशाला वाया घालवायचं?"

दुसऱ्या अर्जात मी लिहिलं होतं, 'महिलांच्या घरगुती कामासाठी.'

"घरगुती काम म्हणजे काय? धुणं?" त्यानं विचारलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघत होता.

इथेच मला सांगायला हवं होतं. मला सगळं येत होतं. त्या वेलाचं शास्त्रीय नाव येत होतं, पानांची ठेवण येत होती, परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती. पण वसतिगृहात पहिल्या वर्षी मी कंदांचा विषय काढला तेव्हा खोलीतली मुलं म्हणाली होती, "म्हणजे तुम्ही विष धुऊन खाता?" त्यानंतर बरेच दिवस मला एक नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही. कचेरीत ते नाव आठवलं. आमच्या घरात अजून हे खातात, हे त्या दोघांसमोर माझ्या तोंडून निघेना.

"हो, धुणंच," मी म्हणालो.

"मग तुंबलेल्या पाण्यात धुवा की! उलट सोय झाली." तो हसला आणि अर्जावर काहीतरी लिहून त्यानं तो फाईलला लावला. मी नमस्कार करून बाहेर आलो. नमस्कार कशाबद्दल केला, ते आजही कळत नाही.

आत्या घरी आली होती. तिनं दारातूनच विचारलं, "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"कंदाचं लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं होतं."

तिनं दाराशेजारचं लाकूड उचललं. मग म्हणाली, "मग काय करणार! त्यांना कळूनसुद्धा नाय म्हणत असतील तर आपण काय करणार!" आणि चुलीकडे वळली. तिनं माझ्यावर जराही शंका घेतली नाही. घेतली असती तर मी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही.

ती त्या संक्रांतीला निघाली. निफाडकडच्या एका बागेत काम मिळालं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं तालुक्याहून एक कुलूप आणलं. आमच्या पाड्यात दाराला बाहेरून काडी अडकवायची पद्धत होती, कुलूप कुणाकडेच नव्हतं. तिच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. मीच खिळे ठोकून एक कडी बसवून दिली. मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या. बागेजवळ शाळा असते का, असं थोरलीनं मला विचारलं. मी म्हणालो, असेल.

जीपचा हॉर्न वाजला. आत्यानं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली माझ्या आईच्या हातात दिली.

"पावसाला येते," ती म्हणाली.

त्या पावसाला ती आली. पुढच्या खेपेला दसऱ्यालाच गेली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मुलींनी दप्तरं नेली नाहीत.