व्याह्यांची कोथळी

अख्ख्या सुरतेत दोन नसांमधल्या फटीत मुक्काम ठोकून राहिलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला! माझ्या मुलीचे सासरे हो. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. म्हणजे सुटका कॉलेजची झाली, आमची नाही. डिंडोलीच्या डेअरीवर दुधाच्या दोन पिशव्या, इकडे त्यांना कोथळीच म्हणतात, एकमेकींवर दाबून धरायचे नि मागच्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "चिकटल्या, पण एक झाल्या का?" डेअरीवाला ओरडायचा, "काका, फूटी जशे!" झालं, यांचा तास सुरू. नसेच्या टोकाला निरोपाच्या बारक्या कोथळ्या दाराशी टेकून तयारच असतात. पण कोथळीचा पडदा नि नसेचा पडदा एकमेकांना रेटतात, मध्ये ऊर्जेची टेकडी उभी. कॅल्शियम आत शिरलं की ती ठेंगणी होते, आणि जराशी ठेंगणी झाली तरी कोथळ्या भराभर पडद्यात मिसळून उघडतात, निरोप पलीकडच्या नसेला पोचतो. शाळा अर्ध्यात सोडलेली बाई मी, पण एवढं मला पाठ झालं. रिक्षावाल्यानं ब्रेक उशिरा मारला तरी व्याही रागवायचे नाहीत. "टेकडी आडवी आली असेल बिचाऱ्याला," म्हणायचे.

नातवाच्या बारशाला मात्र घात झाला. बाळानं मूठ मिटली, नि यांनी पाळणा म्हणणाऱ्या बायकांच्या हातातला माईकच घेतला. "बघा मंडळी, आत्ता याच्या हजारो कोथळ्या फुटल्या!" धुळ्याहून आलेल्या त्यांच्या मावशींना सुरती कोथळी काय ठाऊक? त्यांनी ऐकला कोथळा. "ओ माय! बारशाना दिन पोऱ्याना कोथळा काय काढस रे!" सगळा हॉल हसला. मीही हसले, पदर तोंडाला लावून. तेवढ्यात आमचे जावई पुढे आले, वडलांच्या हातातून माईक ओढला नि म्हणाले, "बसा आता, बाबा. लाज वाटते तुमची."

माईक चालूच होता.

तेव्हापासून व्याही गप्प. दूध घेतात, घरी येतात. बाळाला मांडीवर घेतात, तेही मुक्यानं. मला तर त्यांच्यासमोर मान वर करवत नाही. हसताना कुठं गेली होती माझी अक्कल?

परवा रविवारी गेलेच मी. म्हटलं, "व्याहीबुवा, एक सांगा, ही टेकडी देवानं ठेवलीच कशाला?"

त्यांनी मांडीवरच्या बाळाचं दुपटं सारखं केलं. मग फरशीकडे बघत म्हणाले, "नसती तर कोथळ्या केव्हाही उघडल्या असत्या, विहीणबाई. नको तो निरोप नको तेव्हा गेला असता. माझं तसंच झालं."

"तुमचं नाही हो," मी म्हटलं, "आमचं झालं."

स्वयंपाकघराच्या दारात जावई उभे होते. सगळं ऐकलेलं दिसत होतं. "बाबा," एवढंच म्हणाले. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. शेवटी बाहेर काय आलं, तर, "चहा टाकू?"

व्याह्यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"टाक," म्हणाले. "आपल्या दोघांचा टाक."

मी बाळाला उचललं नि गॅलरीत जाऊन उभी राहिले.